ओकायामा : किल्ल्यासाठी नदी वळवलेले शहर

मुठाकाठ

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना त्या बागेचे दुसरे नावही ठाऊक असेल : पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधल्या ओकायामा शहरातील कोराकुएन ही तीनशे वर्षांपूर्वीची बाग डोळ्यांसमोर ठेवून आपली बाग आखली गेली. मी तिथे बरीच वर्षे सकाळी फिरायला जातो आणि ओकायामाबद्दल कोणी विचारले तर परवापरवापर्यंत माझे उत्तर 'जपानातले कुठलेसे गाव' एवढेच होते. मग थोडे वाचायला घेतले. वाचता वाचता असे दिसले की बाग समजून घ्यायची तर आधी किल्ला पाहावा लागतो, आणि किल्ला समजून घ्यायचा तर आधी नदी पाहावी लागते. म्हणून हा धागा.

होन्शू या मुख्य बेटाच्या पश्चिम भागात, सेतो अंतर्गत समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर ओकायामा वसले आहे. उत्तरेला चुगोकू पर्वतरांग आणि दक्षिणेला समुद्रापलीकडे शिकोकू बेटावरचे डोंगर, अशा दोन भिंतींच्या मध्ये हा किनारा येतो. दोन्ही बाजूंचे ओले वारे डोंगरांवरच रिते होतात आणि शहराच्या वाट्याला वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस येतो, जो जपानच्या मानाने कमीच म्हणायचा. प्रांत स्वतःची ओळख 'हारे नो कुनी', म्हणजे स्वच्छ उन्हाचा मुलूख, अशी करून देतो. एवढे असूनही या शहराच्या इतिहासात पुराइतका दुसरा कोणताच विषय पुन्हा पुन्हा येत नाही, कारण शहरावर न पडलेला पाऊस डोंगरांत पडतो आणि १४२ किलोमीटर लांबीच्या आसाही नदीतून खाली येतोच. पश्चिमेची ताकाहाशी, मधली आसाही आणि पूर्वेची योशिई या तीन नद्यांनी आणलेल्या गाळाचे मैदान म्हणजे आजचा दक्षिण ओकायामा होय.

या मैदानात तीन लहान टेकड्या होत्या : ओकायामा, इशियामा आणि तेन्जिन्यामा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उकिता नाओइए या सरदाराने इशियामावरची गढी घेऊन तिथे ठाणे केले. त्याचा मुलगा हिदेइए लहानपणीच पोरका झाला आणि तोयोतोमी हिदेयोशीच्या कृपाछत्राखाली वाढला. हिदेयोशीच्या राजवटीतील पाच मुख्य कारभाऱ्यांत त्याची गणना झाली आणि ५ लाख ७४ हजार कोकू उत्पन्नाचा मुलूख त्याच्याकडे आला. (एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, जपानी सरदारांची पत याच मापाने मोजली जाई.) एवढ्या सरदाराला जुनी गढी अपुरी वाटणे साहजिक होते. त्याने शेजारची ओकायामा टेकडी निवडली आणि १५९७ मध्ये तिथे नवा किल्ला पुरा केला. टेकडीचे नाव किल्ल्याला आणि किल्ल्याचे नाव शहराला मिळाले.

किल्ला बांधताना हिदेइएने आसाही नदीचा प्रवाह बदलला. किल्ल्याच्या उत्तर आणि पूर्व अंगाला नदी बिलगून वाहील अशा रीतीने तिला वळण दिले, म्हणजे त्या दोन बाजूंना खंदक खणण्याची गरजच उरली नाही. पश्चिमेला मात्र एकामागून एक खंदक काढावे लागले. लढाईच्या दृष्टीने ही योजना उत्तम होती. परंतु डोंगरांतून सरळ उतरलेली नदी नेमकी दाट वस्तीच्या तोंडाशी काटकोनात वळवली तर पुराच्या दिवशी ती वळण मानत नाही. हिदेइएला याचे परिणाम पाहावे लागले नाहीत, कारण १६०० मध्ये सेकिगाहाराच्या लढाईत तो हरला, १६०६ मध्ये हाचिजो बेटावर हद्दपार झाला आणि पुढची जवळजवळ ५० वर्षे तिथेच राहून १६५५ मध्ये वारला.

त्याच्यानंतर आलेला कोबायाकावा हिदेआकी दोनच वर्षांत तरुण वयात मेला. त्याच्या नावावर राहिला तो २० दिवसांत खणवलेला बाहेरचा खंदक. १६०३ पासून ओकायामा इकेदा घराण्याकडे आले. १६३२ मध्ये त्याच घराण्याच्या दोन शाखांची ओकायामा आणि तोत्तोरी या मुलुखांत अदलाबदल होऊन इकेदा मित्सुमासा इथे आला, आणि तेव्हापासून १८७१ मध्ये संस्थाने बरखास्त होईपर्यंत ३ लाख १५ हजार कोकूंचे हे संस्थान त्याच्या वंशाकडे राहिले.

१६५४ मध्ये आसाहीला मोठा पूर आला. किल्ल्याभोवतीच्या पेठा बुडाल्या, पाठोपाठ दुष्काळ पडला. मित्सुमासाच्या पदरी कुमाझावा बान्झान नावाचा विद्वान होता. पुराचे जास्तीचे पाणी शहराच्या वरच्या बाजूलाच बाजूला काढावे, अशी कल्पना त्याने मांडली. ती प्रत्यक्षात आणली त्सुदा नागातादा (१६४०–१७०७) या अधिकाऱ्याने. १६६९ च्या सुमारास सुरू झालेले हे काम १६८० च्या दशकात पुरे झाले आणि हिदेइएने वळवलेल्या नदीच्या पूर्वेला दुसरी, मुद्दाम केलेली नदी तयार झाली. तिचे नाव ह्याक्केन-गावा, म्हणजे शंभर केन रुंदीची नदी. शंभर केन म्हणजे सुमारे १८० मीटर.

ही नदी एरवी कोरडीच असे. तिच्या पात्रात लोक भातशेती करीत. आसाहीचा डावा बांध एके ठिकाणी जाणूनबुजून बुटका ठेवला होता. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की ते त्या बुटक्या बांधावरून, म्हणजे आपल्या भाषेत सांडव्यावरून, नव्या पात्रात उतरत असे. असे तीन सांडवे एकामागे एक होते. पहिला पाणी आत घेई. दुसरा आणि तिसरा त्याचा जोर मोडून बरोबर आलेला गाळ वरच्या अंगालाच अडवीत. पुढे सुमारे १३ किलोमीटर धावून पाणी शहराला वळसा घालून समुद्राला मिळे. शेतकऱ्यांचे त्या वर्षीचे पीक जाई, पण पेठा वाचत.

माझे म्हणणे एवढेच आहे की ओकायामाचा कारभार म्हणजे गेली चारशे वर्षे त्या एका वळणाची निस्तरानिस्तर आहे. किल्ल्यांच्या जाणकारांनी आणि तिकडे राहणाऱ्या कोणी असतील तर त्यांनी भर घालावी, चुकले असेल तिथे दुरुस्त करावे.

कातळकडा

धागा आवडला. किल्ल्याच्या बांधणीबद्दल थोडी भर घालतो.

ओकायामाच्या बालेकिल्ल्यातील मुख्य मनोऱ्याला, ज्याला जपानी लोक तेन्शू म्हणतात, बाहेरून काळ्या रंगाच्या लाकडी फळ्या होत्या. त्यावरून किल्ल्याचे नाव पडले 'उजो', म्हणजे कावळ्याचा किल्ला. शेजारच्या हिमेजीला त्याच्या पांढऱ्या गिलाव्यामुळे बगळ्याचा किल्ला म्हणतात, त्यामुळे ही जोडी बोलण्यात नेहमी एकत्र येते. उत्खननात सोन्याचा वर्ख दिलेली कौलेही सापडली आहेत. काळ्या भिंती आणि कडेने चमकणारे सोने असा तो मनोरा नदीच्या पाण्यात कसा दिसत असेल, याची कल्पना करावी.

मनोऱ्याचा पाया चौकोनी नाही. पाच असमान बाजूंचा आहे. चौथरा बांधताना टेकडीच्या मूळ आकाराला धरून भिंत फिरवावी लागली, म्हणून हा आकार आला असे मानले जाते. नदीकडची तटभिंत उकितांच्या काळची आहे. दगड जवळजवळ घडवलेच नाहीत. जसे मिळाले तसे, फटींत बारीक दगड ठोकून, चुन्याशिवाय रचले आहेत आणि अशा रचाईने ती भिंत सुमारे १५ मीटर उंच गेली आहे. इकेदांनी पुढे केलेल्या भिंतींचे दगड मात्र तासून नीट बसवलेले दिसतात. मला सर्वांत आवडलेली गोष्ट मधल्या चौकात आहे. इकेदांनी तो चौक रुंद करताना उकितांची एक भिंत भरावाखाली गाडून टाकली होती. उत्खननात ती मिळाली तेव्हा वरून खड्डा तसाच उघडा ठेवून कठडा केला. कठड्यावरून वाकून पाहिले की आपण उभे आहोत त्या जमिनीच्या खाली आधीच्या मालकाचा तट दिसतो.

आता थोडे कडू. आज दिसणारा मनोरा काँक्रीटचा आहे. २९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकी बी-२९ विमानांनी शहरावर आगीचे बाँब टाकले. हल्ल्याचा इशारा वेळेवर वाजलाच नाही. सतराशेहून अधिक माणसे मेली, शहराचा सुमारे ६३ टक्के भाग जळाला आणि मनोराही त्यात गेला. १९६६ मध्ये तो बाहेरून पूर्वीसारखा आणि आतून लिफ्टसह पुन्हा उभा केला. नूतनीकरणानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये तो परत खुला झाला. अस्सल जुन्या इमारतींपैकी त्सुकिमी यागुरा, म्हणजे चंद्र पाहण्याचा बुरूज, आणि पश्चिमेकडचा एक बुरूज एवढे दोनच शिल्लक आहेत. बहुतेक पर्यटक या दोन्हींकडे पाठ करून काँक्रीटच्या मनोऱ्याचा फोटो काढतात.

बखरप्रेमी

हिमेजीसारखा अस्सल किल्ला बुलेट ट्रेनने २० मिनिटांच्या अंतरावर असताना काँक्रीटच्या किल्ल्याचा एवढा अभ्यास कशासाठी, हे समजले नाही.

मुठाकाठ

@बखरप्रेमी, प्रश्न रास्त आहे. हिमेजीचा आजचा किल्ला बांधणारा इकेदा तेरुमासा हा आपल्या मित्सुमासाचा आजोबा, त्यामुळे घराणे एकच. किल्ला पाहायचा असेल तर हिमेजीलाच जावे. किल्ल्याने शहराचे काय केले ते पाहायचे असेल तर मला ओकायामा जास्त बोलके वाटते.

आसाहीपार

मी नोकरीनिमित्त गेली सात वर्षे ओकायामात राहतो, नदीच्या पूर्व बाजूला, नाका वॉर्डात. वर ज्या वळणाचा उल्लेख आला आहे ते मी रोज सायकलवरून ओलांडतो.

या शहरात राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कळणारी गोष्ट किल्ला नसून पाटाचे कालवे ही असते. शहराच्या हद्दीतील कालव्यांची एकूण लांबी सुमारे ४००० किलोमीटर आहे, असे इथे सांगतात. यांतले बरेचसे शेतीसाठी काढलेले होते. शेते गेली, घरे आली, कालवे राहिले. घराच्या दारापासून हातभर अंतरावर पाणी वाहत असते आणि अनेक ठिकाणी त्याला कठडा नसतो. कठडा घातला तर शेतकऱ्याला गाळ काढता येत नाही आणि रस्ता अरुंद होतो, ही त्यामागची जुनी अडचण. रात्री सायकलसकट कालव्यात पडणे हा इथला नित्याचा अपघात आहे, आणि त्यात दरवर्षी, विशेषतः वृद्ध, माणसे दगावतात. इथले लोक या कालव्यांना 'माणूसखाऊ पाट' असे नाव देऊन मोकळे झाले आहेत. मी स्वतः पहिल्याच हिवाळ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून सायकल वर ओढली आहे. अलीकडे धोक्याच्या जागा हेरून कठडे आणि परावर्तक खांब बसवण्याचे काम चालू आहे.

उलट निशिगावा नावाचा असाच एक कालवा शहराच्या मध्यातून उत्तर-दक्षिण जातो. १९७० च्या दशकात त्याच्या दोन्ही काठांवर झाडे लावून सुमारे अडीच किलोमीटरची चालण्याची पट्टी केली. उन्हाळ्यात दुपारी कचेऱ्यांतले लोक तिथे डबा खायला बसतात. पाणी तेच, पण एका ठिकाणी अपघाताची जागा आणि दुसऱ्या ठिकाणी विसाव्याची.

शहरात १९१२ पासून ट्रामही आहे. दोन मार्ग मिळून ४.७ किलोमीटर. पुण्याच्या माणसाला हा आकडा वाचून हसू येईल, पण स्टेशनापासून किल्ल्याच्या थांब्यापर्यंत ती दर काही मिनिटांनी नेऊन सोडते आणि तिच्या जोरावर जुन्या पेठांतली दुकाने अजून तग धरून आहेत. स्टेशनासमोर मोमोतारो या पीचमधून जन्मलेल्या लोककथेतील मुलाचा पुतळा आहे. तिथूनच त्याच्या नावाचा रस्ता सरळ किल्ल्याच्या दिशेने जातो.

दप्तरदार

मूळ लेखातील मुख्य विधानाशी मी पूर्ण सहमत नाही. सगळा दोष हिदेइएच्या वळणावर टाकणे सोपे आहे, परंतु पुराची कारणे वरच्या खोऱ्यातही होती.

चुगोकू डोंगरांत लोखंडी वाळू मिळते. ती काढण्यासाठी डोंगराची माती फोडून पाण्याच्या प्रवाहात सोडत. जड लोहकण तळाशी बसत आणि बाकीची माती नदीतून खाली जाई. ते लोखंड गाळण्यासाठी कोळसा लागे, म्हणून जंगल तोडले जाई. उघड्या डोंगरावरून माती आणखी वाहून येई. अशा नदीचे पात्र खालच्या सपाट भागात वर्षानुवर्षे उथळ होत जाते आणि तिला वळण असो वा नसो, ती काठ सोडणारच. बान्झानने जंगलतोडीला केलेला विरोध याच अनुभवातून आला आहे. सांडव्यांची कल्पना सुचवणारा माणूस डोंगरांबद्दलही तेवढेच बोलत होता, हे लक्षात घ्यावे. त्याचे पुढे काय झाले तेही सांगण्याजोगे आहे : संस्थानातील वरिष्ठांशी त्याचे जमेना, त्याने नोकरी सोडली, शोगुनच्या, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, धोरणांवर टीका केली आणि अखेरची वर्षे नजरकैदेत काढली.

मित्सुमासाच्या कारभाराचा दुसरा भाग शिक्षणाचा आहे. १६६८ मध्ये त्याने मुलुखात १२३ ठिकाणी गावच्या मुलांसाठी लेखन-वाचनाच्या शाळा काढल्या. खर्च झेपेना म्हणून त्याच्या मुलाने, त्सुनामासाने, त्या बंद केल्या आणि शिझुतानी येथील एकच शाळा ठेवली. ती १६७० मध्ये सुरू झाली होती आणि तिची उभारणीही याच त्सुदा नागातादाकडे होती. सरदारांच्या मुलांबरोबर सामान्य रयतेच्या मुलांनाही तिथे प्रवेश होता. १७०१ चे तिचे सभागृह आज राष्ट्रीय ठेवा म्हणून जपले आहे. ते शहरात नाही, पूर्वेला बिझेन गावाच्या हद्दीत आहे. बाप १२३ शाळा काढतो, मुलगा त्या बंद करून कोराकुएनची बाग काढतो, आणि दोघांचाही अंमलदार एकच. नागातादाच्या मनात काय येत असेल?

मुठाकाठ

@दप्तरदार, गाळाचा मुद्दा मान्य. मी वळणाला झुकते माप दिले, हे खरे. तरीही नदी कुठे फुटेल हे वरच्या गाळाने ठरले नाही. ते वळणाने ठरले, आणि वळणाच्या काठी पेठा होत्या.

बागेचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करतो. त्सुनामासाच्या हुकमावरून १६८७ मध्ये काम सुरू होऊन १७०० मध्ये बाग पुरी झाली. जागा किल्ल्याच्या पलीकडच्या काठावरची, नदीच्या पात्रातल्या वाळूच्या पट्ट्यावरची. किल्ल्याच्या मागची म्हणून तिला 'गोकोएन' म्हणत. कोराकुएन हे नाव १८७१ चे आहे. राजाने आधी चिंता वाहावी आणि सुख सगळ्यांच्या मागून घ्यावे, अशा अर्थाच्या चिनी वचनावरून ते घेतले. पुरातून शहर सोडवण्याचे काम मार्गी लागल्यावरच ही बाग हाती घेतली गेली, त्यामुळे नाव उशिरा मिळाले तरी चुकीचे नाही. १८८४ मध्ये बाग प्रांताच्या ताब्यात गेली आणि लोकांसाठी खुली झाली. कानाझावाचे केन्रोकुएन आणि मितोचे काइराकुएन यांच्यासह जपानच्या तीन श्रेष्ठ बागांत तिची गणना होते. रुंद हिरवळ हे तिचे वैशिष्ट्य, आणि बागेतच भाताचे खाचर व चहाचा मळाही आहे. किल्ल्याचा मनोरा बागेबाहेर असूनही बागेच्या देखाव्याचा भाग व्हावा, अशी मांडणी आहे.

खाजणकर

मी गोव्याचा. ह्याक्केन नदी समुद्राला जिथे मिळते तिथल्या जमिनीबद्दल वाचून मला आमची खाजणे, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेते, आठवली, म्हणून लिहितो.

त्सुदा नागातादाने पुराचे पाणी वळवले ते केवळ शहर वाचवण्यासाठी नव्हे. समुद्राकाठच्या उथळ खाडीत त्याने बांध घालून शेतजमीन काढली : १६७९ मध्ये कुराता आणि १६९२ मध्ये ओकिशिन्देन. दुसरीचे क्षेत्र सुमारे १९०० हेक्टर होते. अशा जमिनीचा प्रश्न सगळीकडे एकच असतो. आतले पाणी बाहेर जायला हवे आणि भरतीचे खारे पाणी आत यायला नको. त्यांनी बांधात दगडी चौकटीची दारे बसवली आणि दारांच्या आत एक विस्तीर्ण तळे मोकळे ठेवले. भरतीच्या वेळी दारे बंद राहत आणि नदीचे पाणी तळ्यात साठे; ओहोटी लागली की दारे उघडून ते समुद्रात सोडले जाई. आमच्याकडे बांधातल्या अशा दाराला मानस म्हणतात आणि आतल्या पाण्याच्या जागेला पोंय. दोन्ही ठिकाणच्या माणसांनी एकमेकांकडे न पाहता एकच तोड काढली आहे.

आणि @दप्तरदार यांनी सांगितलेला डोंगरातला गाळ इथेच उपयोगी पडला. गाळ आला नसता तर खाडी उथळ झाली नसती आणि बांध घालायला जमीनच मिळाली नसती. मेइजी काळात, १८९९ पासून, कोजिमा उपसागरात हेच काम खासगी भांडवलावर मोठ्या प्रमाणात चालले आणि १९५९ मध्ये उपसागराचे तोंडच बांधाने बंद करून गोड्या पाण्याचे सरोवर केले. आजच्या नकाशात मिनामी वॉर्डाचा मोठा भाग हा चारशे वर्षांपूर्वी समुद्र होता.

वेशीपलीकडे

संस्थानाच्या कारभाराची चर्चा चालली आहे, तर १८५६ चे शिबुझोमे प्रकरण वगळून ती अपुरी राहील.

संस्थानाची तिजोरी रिकामी झाली होती. काटकसरीच्या हुकमांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांसाठी वेगळी कलमे घातली गेली : त्यांनी नक्षी नसलेले, कच्च्या पर्सिमन फळाच्या रसाने किंवा निळीने रंगवलेले कपडेच घालावेत. हे लोक जमीन कसत होते, सारा भरत होते. म्हणून 'सारा भरणाऱ्या शेतकऱ्याला वेगळे वस्त्र का', हा त्यांचा सवाल होता. ५३ वस्त्यांनी मिळून अर्ज केला. तो फेटाळल्यावर सुमारे दीड हजार लोक योशिई नदीच्या काठी जमले आणि संस्थानाच्या एका वरिष्ठ कारभाऱ्याकडे मागणी पोहोचवून आले. हिंसा झाली नाही. हुकूम कागदावर राहिला आणि व्यवहारात बासनात गेला. शिक्षा मात्र झाली : १२ पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले, त्यांतील ६ तिथेच मेले.

अंगावर काय घालावे हे जातीवरून ठरवणारे नियम आपल्याला वाचून समजावून घ्यावे लागत नाहीत. त्या काठावर जमलेल्यांनी दयेची याचना केली नाही. आम्हीही सारा भरतो, एवढाच हिशेब मांडला.

मुठाकाठ

@वेशीपलीकडे, हे मला अजिबात ठाऊक नव्हते. मनापासून आभार.

निवृत्त

मी महापालिकेत ३१ वर्षे नोकरी केली. माझा प्रश्न आजच्या कारभाराबद्दल आहे. ओकायामा हे खास दर्जाचे शहर आहे असे वाचले. हा दर्जा म्हणजे नेमके काय, आणि तिथे आयुक्त कोण नेमतो? आमच्याकडे महापौर मानाचा आणि आयुक्त कामाचा, शिवाय आयुक्त राज्य सरकारचा. पुण्यात मार्च २०२२ पासून दीर्घकाळ निवडून आलेले सभागृहच नव्हते, त्यामुळे विचारतो.

आसाहीपार

@निवृत्त काका, इथे आयुक्त नाहीच. महापौराला नागरिक थेट मत देऊन चार वर्षांसाठी निवडतात आणि प्रशासनाचा प्रमुखही तोच असतो. नगरसभा वेगळी निवडली जाते. दोघांचे फाटले तर सभा अविश्वास ठराव आणू शकते आणि त्यावर महापौर सभाच बरखास्त करून पुन्हा निवडणूक घ्यायला लावू शकतो. म्हणजे दोघांच्याही हातात काठी आहे. सध्याचे महापौर ओमोरी मासाओ २०१३ पासून पदावर आहेत.

१ जून १८८९ रोजी ओकायामा नगरपालिका झाली तेव्हा तिचे क्षेत्र जेमतेम ६ चौरस किलोमीटर होते, म्हणजे किल्ला आणि त्याच्या पेठा. आज ते सुमारे ७९० चौरस किलोमीटर आहे. १९६९ मध्ये साइदाइजी, २००५ मध्ये मित्सु आणि नादासाकी, २००७ मध्ये ताकेबे आणि सेतो अशी शेजारची गावे सामावत गेली. २००५ आणि २००७ च्या विलीनीकरणांमागे सरळ हिशेब होता. खास दर्जाच्या शहरासाठी कायद्यात ५ लाख लोकसंख्येची अट आहे, पण प्रत्यक्षात सरकार जवळपास १० लाखांची अपेक्षा धरी. गावांच्या विलीनीकरणाला उत्तेजन म्हणून ती अपेक्षा ७ लाखांवर आणली गेली आणि ओकायामा त्या दारातून आत शिरले. १ एप्रिल २००९ रोजी ते असे अठरावे शहर ठरले. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ७ लाख २४ हजारांच्या पुढे होती.

या दर्जामुळे एरवी प्रांताकडे असणारी बरीच कामे शहराकडे येतात : बालकल्याण केंद्रे, अनेक मोठ्या रस्त्यांची देखभाल, शाळांतील शिक्षकांचे पगार. मोबदल्यात वॉर्ड करावे लागतात. इथे चार आहेत : किता, नाका, हिगाशी आणि मिनामी, म्हणजे उत्तर, मध्य, पूर्व आणि दक्षिण. पश्चिम नावाचा वॉर्डच नाही! वॉर्डप्रमुख निवडून येत नाही, महापौर त्याला नेमतो, आणि वॉर्डाची वेगळी सभाही नसते. तोक्योचे २३ वॉर्ड याला अपवाद आहेत. तिथे प्रमुख आणि सभा दोन्ही निवडून येतात.

कारभाराची विभागणी प्रत्यक्ष पाहायची असेल तर किल्ल्यावरून बागेत जाणाऱ्या त्सुकिमी पुलावर उभे राहावे. पाठीमागचा किल्ला शहराचा, समोरची बाग प्रांताची, आणि पुलाखालची आसाही नदी केंद्र सरकारच्या मंत्रालयाची. तिकीट मात्र दोन्हींचे एकत्रित मिळते.

निवृत्त

उत्तर अगदी व्यवस्थित मिळाले. पण नदी आणि तिचे काठ मिळून तीन मालक असतील तर पुराच्या दिवशी कोण कोणाला फोन करतो?

आसाहीपार

नेमके हेच जुलै २०१८ मध्ये पणाला लागले. पश्चिम जपानभर कित्येक दिवस पाऊस कोसळत होता. आसाहीचे पाणी सांडव्यावरून ह्याक्केन पात्रात गेले आणि त्या पात्राने ते वाहून नेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून केंद्राने या पात्राचे बांध वाढवणे, पूल बदलणे आणि मुखाशी नवी दारे बसवणे अशी कामे टप्प्याटप्प्याने केली होती; ती उपयोगी पडली आणि पेठा कोरड्या राहिल्या. त्याच रात्री हिगाशी वॉर्डात सुनागावा या ह्याक्केनला मिळणाऱ्या, प्रांताच्या अखत्यारीतल्या लहान नदीचा बांध फुटला आणि हिराशिमा भागातील वस्ती पाण्याखाली गेली. माझा एक सहकारी तिथे राहतो. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्याकडे फावडी घेऊन गेलो तेव्हा पाणी ओसरले होते आणि भिंतीवर छातीच्या उंचीला तपकिरी रेघ उमटली होती. मोठ्या नदीची चारशे वर्षे काळजी घेतलेल्या शहराला लहान नदीने गाठले.

@मुठाकाठ, आपण इकडे आलात तर कोराकुएन पाहून झाल्यावर तिथेच थांबू नका. बागेच्या उत्तरेकडून सायकलने नदीकाठी वर गेले की ह्याक्केनच्या तोंडाचा पहिला सांडवा लागतो, आणि थोडे खाली दुसरा. तिसरा १८९० च्या दशकातल्या पुरात वाहून गेला. दुसरा नागातादाच्या काळापासून उभा आहे. गवतात कासवाच्या पाठीसारखी दगडांची लांब पट्टी दिसते, त्यावर मुले चढउतार करीत असतात. सायकल भाड्याने स्टेशनाजवळ मिळते. परतताना अंधार पडला तर कालव्याच्या बाजूने चालवू नका.

मुठाकाठ

पुढच्या एप्रिलचे तिकीट काढतो आहे. @आसाहीपार, सायकलीला दिवा लावूनच येईन.